शुभांगीच्या ओटीत बॅटरी

त्या संध्याकाळी कोळवणात सगुणाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर देवी बसली होती. देवी म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी! तिला हळदीकुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती. फुगून तडकलेल्या तिच्या खोक्यातून मधूनच धुराची रेघ निघे आणि बायामाणसं भराभर हात जोडत.

"बगा, इझवली तरी इझत न्हाई!" देवऋषी कुशाबा गरजला. "सकाळी घागरी वतल्या, दुपारी पुन्यांदा पेटली. भानामती हाय ही. कुनीतरी ह्या घरात आनलीया."

'कुनीतरी' म्हणताना त्याने थेट शुभांगीकडे पाहिलं. सगुणाबाईंची ही नवी सून. जुनी स्कूटर तिच्या माहेरून आली होती, तेवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "भानामती कसली डोंबलाची!" मी ओरडले. "ह्या निरंजननं भरल्या ओढ्यातून गाडी घातली. बॅटरीत पाणी गेलं, ती फुगली. तरी मित्राचा भलताच चार्जर लावून रात्रभर गादीवर ठेवली. पेटेल नाही तर काय करेल? लांब व्हा सगळे. धूर विषारी असतो."

शुभांगीचा नवरा निरंजन अंगठ्याने जमीन उकरत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं.

"बाई, तुमचं इग्यान साळंत," कुशाबा म्हणाला. "हितं आईचं राज हाय."

मी अग्निशमन दलाला फोन लावला. गाडी निघाली, पण आमच्या खोऱ्यात पोचायला तिला वेळ लागणार होता. इकडे कुशाबाने त्रिशूळ उचलला. "आई, बोल! ह्या घरात पापी हाय का?" असं म्हणून त्याने त्रिशूळाचं टोक बॅटरीच्या फटीत खुपसलं. फस्सकन पांढरा जाळ उसळला. "उदो उदो!" अंगण दणाणलं. जाळ थोड्या वेळाने बसला. कुशाबाला वाटलं, बॅटरी संपली.

"आता परीक्षा," तो म्हणाला. "सून निर्दोष आसंल तर आई तिच्या वटीत गप निजंल."

सगुणाबाईंनी पाट मांडला. सुनेला बसवून रीतीप्रमाणे तांदूळ, खण, नारळ ओटीत घातला. मी पुढे धावले, तर दोघांनी माझे दंड धरले. शुभांगीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. मग तिने आपणहून पदर पसरला.

"द्या," ती म्हणाली. "म्या काय बी केलं न्हाई. मंग मला कसलं भ्या?"

लाल कापडात गुंडाळलेली बॅटरी कुशाबाने तिच्या मांडीवर ठेवली आणि ती पुन्हा पेटली.

पळापळीत माझे हात सुटले. मी फावड्याने ते धूड बाजूला लोटलं, तिला धुरातून ओढलं आणि पाण्याच्या मोटारीचा पाइप तिच्या अंगावर सोडला. कुशाबा अंगारा लावायला आला तेव्हा त्याची वाटी मी उडवून दिली. नंतर बॅटरीवरही पाणी सोडलं आणि अग्निशमनची गाडी येईपर्यंत बंद केलं नाही.

यात देव नव्हता की भूत नव्हतं. अशा बॅटरीच्या पोटात पुष्कळ लहान घट, म्हणजे सेल, असतात. एक बिघडून पेटला की त्याची उष्णता शेजारच्याला लागते, मग तोही पेटतो. घागरभर पाण्याने वरचा जाळ जातो, आतली धग तशीच राहते. टोकदार लोखंड आत घुसलं की घट जागीच भडकतो. कुशाबा पूर्वी पुण्याजवळ सूसला भंगाराच्या गोदामात कामाला होता. ही गंमत तो तिथेच शिकला. शेजारचे घट मागाहून पेटतात, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. अर्धवट ज्ञानावर त्याने एका पोरीचे हात जाळले.

मी पोलिसांत तक्रार दिली. साक्षीला एकही माणूस आला नाही. ग्रामपंचायतीपुढे उभं राहून सगळं समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, आणि उठताना सगुणाबाई म्हणाल्या, "समदं खरं बाई. पर आईनं न्याव केलाच ना!" माना डोलल्या. कुशाबाला पुढच्या गावाहून बोलावणं आलं.

तरीही सांगते, कारण सांगण्याशिवाय माझ्या हाती काही उरलेलं नाही. फुगलेली, भिजलेली, आपटलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. चार्जर तिचाच वापरा, गादीवर नको, झोपेत नको. धूर दिसला की माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा, आणि विझली तरी तिला उघड्यावर, घरापासून लांब राहू द्या. आणि जळत्या वस्तूला न्याय करायला बसवू नका. डोकं वापरायला मुहूर्त लागत नाही.

शुभांगीला भेटायला मी पुण्याच्या इस्पितळात गेले. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. निरंजन फिरकला नव्हता. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, घट, उष्णता, त्रिशूळ. न समजलेली मुलं वर्गात हलवतात तशी तिने मान हलवली.

"बाई, एक काम करताल?" ती हळूच म्हणाली. "माजं हात आसं. माज्या नावानं तुमी देवीची वटी भरा. चूक पदरात घे म्हनावं."

"कसली चूक, शुभांगी?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. तिला एकही सापडली नाही. तरी ती म्हणाली, "आसंल काय तरी."