शालीखाली कोण आहे

मी पांढरकवड्यातली एक जुनी जीप आहे. मित्रांनो, नटी व्हायचा माझा काहीएक विचार नव्हता.

लिलावात निघाले तेव्हा माझा नुसता सांगाडा उरला होता. गफ्फारभाई मेकॅनिकने त्यावर इंजिन, सीट आणि एक भसाडा हॉर्न चढवला. अँब्युलन्स यायची तेव्हा येते. अडलेल्या बाईसाठी वस्तीची पहिली हाक गफ्फारभाईलाच. वस्तीतल्या कांताबाईंची मुलगी मोनाली तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. तेव्हापासून भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर माझ्याच बॉनेटवर असते.

मग सिनेमावाले आले.

"चाचा, गाडी तुम्हीच चालवा. दाढी-टोपी राहू द्या, खरं वाटतं. मागे पेशंट आहे, असा चेहरा करा."

"चेहरा कायले करा लागते साहेब? तो तं हायेच."

मागे शालीखाली उशा ठेवल्या होत्या. गफ्फारभाई घामाघूम होऊन सारखे मागे वळून पाहत होते. उशांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी खड्डेसुद्धा चुकवले.

सिनेमा तयार झाला आणि बाजाराच्या मैदानात पडदा लागला. मला हार घालून सगळ्यांच्या पुढे उभं केलं. बॉनेटवर गफ्फारभाई आणि त्यांची बायको अमिनाबी, शेजारी कांताबाई, मागे अख्खी वस्ती. मी पडद्यावर आले, शिट्ट्या पडल्या. गफ्फारभाईंचा तोच काळजीचा चेहरा, तेच मागे वळून पाहणं. आणि शाल सरकली.

खाली बंदुका होत्या.

नायकाने गाडीवाल्यावर गोळी झाडली. मैदानात टाळ्या पडल्या, सवयीने. मग लोकांच्या ध्यानात आलं, की मेलेला माणूस पुढेच बसलाय.

"तुम तो बोले थे, जचकी की औरत है पीछे," अमिनाबी म्हणाल्या.

"मैं तो उसीच को लेके जा रा था."

त्या दिवशी मी सुरूच झाले नाही. धक्का मारून घरी नेलं.

त्याच आठवड्यात मोनालीला कळा सुरू झाल्या. कांताबाई धावत गॅरेजवर आल्या.

"भाई, काढ गाडी!"

"माही गाडी? लोक काय मनतीन?"

"पोरगी याच गाडीत झाली. तिचं लेकरू काय इमानात होईन?"

थंडी होती. कांताबाईंनी मोनालीच्या डोक्यावरून अंगभर शाल पसरली. गफ्फारभाईंनी मागे पाहिलं आणि किल्ली फिरवता फिरवता थांबले.

"शाल काढ, बाई. लोकायले तिचं तोंड दिसू दे."

मोनाली कुडकुडत दवाखान्यात पोचली.

मित्रांनो, जुन्या गाडीचं ऑइल वेळेवर बदलावं, एवढंच मी एरवी सांगितलं असतं. आता एक मागणं जास्तीचं: मी रस्त्यात दिसले, तर वाट सोडा. मागे बाई अडलेली असते.