चालू पंख्याखालची थंडी

थंडी या गावात कधी आलीच नव्हती. त्यामुळे ती आली तेव्हा तिच्याशी वागायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाटलीतल्या खोबरेल तेलाचा दगड झाला. लोक चादरी गुंडाळून बाजारात निघाले. आणि या घरात सगळ्यांनी कानाला टॉवेल बांधून पंखा चालू ठेवला होता.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं पंख्यांचं वाइंडिंग केलेलं. पुढच्या खोलीतला पंखा त्यांच्या हातचा. त्याच्या घरघरीशिवाय घरात कुणाचा डोळा लागत नसे. त्याच्याच खाली तीन महिन्यांच्या छोटीचा पाळणा. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथल्या खिडकीला काच नव्हती, नुसती जाळी.

छोटीचं नाक चोंदलं होतं. दूध मध्येच सोडून ती तोंडाने श्वास घ्यायची. "वाऱ्याचा झोत नको," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सून बटण बंद करी, सासरे चालू करीत.

"अगं, पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. शास्त्र आहे ते."

"मग बाबा, उन्हाळ्यात कशाला लावता?"

सासरे खाकरले. नवरा म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न आहे. जरा जुळवून घे ना."

"मी घेईन रे. तिला कसं सांगू?"

दुपारी छोटीने पुन्हा दूध सोडलं आणि रडता रडता तिचा आवाजच बसला. सुनेने तिला नवऱ्याच्या हातात दिलं. फ्यूज काढून खिशात टाकला, टेबलावर स्टूल चढवलं आणि सासऱ्यांच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेली.  

"खाली उतर!" सासरे ओरडले. "माझ्या पंख्याला हात लावायचा नाही!"

"लावला," ती म्हणाली. दोन स्क्रू सुटले. एक पातं तिच्या हातात आलं, धुळीने काळंकुट्ट.

"झालं समाधान? आता उतर."

"उतरते."

"थांब!" सासरे टेबलाशी आले. रागाने लाल झाले होते, पण आवाज कामावरचा होता. "दोन पात्यांवर कुणी चुकून चालवला तर हिसके खाऊन खाली येईल. पाळण्यावर. उरलेली दोन्ही काढ."

ती बघतच राहिली.

"बघतेस काय? आणि खुणा कर. एक, दोन, तीन. वजन बघून जुळवलीत मी ती, जागा बदलली की डुगडुगतो." त्यांनी कानावरच्या टॉवेलात खोचलेली पेन्सिल वर धरली. "उन्हाळ्यात परत चढवायला मला हाक मारायची नाही, सांगून ठेवतो."

"नाही मारणार. मीच चढेन."

"मोठी आली चढणारी," सासरे पुटपुटले. पण त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तिने दुसऱ्या पात्याला स्क्रूड्रायव्हर लावला.