रिकाम्या हाताने

नाड्याला कंबर कळत नाही. परकर असो की सलवार, बाई वाढली की नाडा आपला सैल होतो आणि गप्प बसतो. त्यात गाऊन आला, मग तर विचारूच नका. खोटं बोलत नाही तो फक्त ब्लाउज, आणि वडनेर भोलजीतले निम्मे ब्लाउज माझ्या मशीनवर शिवले जातात.

शिवताना बाजूच्या शिलाईत मी दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवते. त्याला आम्ही माया म्हणतो. वर्षभराने बाई अंग चोरत येते आणि म्हणते, "सारिका, धुऊन आटला वं हा." मीही म्हणते, "हो, आजकाल कापडंच तशी येतात." मग शिलाई उसवायची आणि माया सोडायची. गिऱ्हाइकाशी एवढं चालतं. माझेही ब्लाउज एकेक करून मोकळे झाले होते, त्याचा हिशेब मात्र कुणी मागितला नव्हता.

तो मागितला आरोग्य उपकेंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी. तपासणीच्या दिवशी नर्सबाईंनी पोटाला टेप लावला, बीपी पाहिलं, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर मॅडम म्हणाल्या, "कंबर वाढलीय. बीपी काठावर, साखर काठावर, रक्तातली चरबी जास्त. हे सगळं एकत्र आलं की शुगरचा आणि हृदयाचा धोका वाढतो. अजून आजार झालेला नाही. रोज भरभर चाला, साखर-तेल कमी करा. इथून परत फिरता येतं."

माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आम्ही ते हसण्यावारी नेलं. खात्यापित्या घरची दिसते, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. शुगरने आधी तिच्या पायाचा अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी ती खाटेवर पडून नुसती दाराकडे बघत राहायची. मला तसं मरायचं नाही. बास.

घरात पहिलं भांडण चहावरून झालं. मी माझ्या कपात साखर घातली नाही आणि रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर घेतली. माझ्या सासूबाई जनकाबाई एकदम कडाडल्या.

"आमी पोटाले फडकं बांधून झोपलो वं. आता कुठी चार घास पोटभर भेटून राह्यले, तं ही पोट मारून राह्यली! लोक म्हनतीन, जनका सुनेले उपाशी ठेवते."

त्यांचा राग मला कळतो. त्यांनी भूक पाहिली आहे. अंगाने भरलेली सून म्हणजे त्यांच्या घराच्या दारावरची पाटी. पण पाटी मी व्हायचं आणि पाय माझा कापायचा, हे मला मंजूर नाही.

खाण्याचं मी दामटून नेलं. चालण्याचं अवघड होतं. आमच्याकडे बाई रस्त्याने जाते ती काहीतरी घेऊन. विळा, डबा, घागर, कडेवर लेकरू. रिकाम्या हाताची बाई दिसली की गल्ली मान वळवते. म्हणून मी कापडी पिशवीत चिंध्या कोंबल्या, ती फुगवली आणि शिवलेले ब्लाउज पोचवायच्या नावाने रोज संध्याकाळी फाट्यापर्यंत जायला लागले. चालून आले की अंग हलकं वाटायचं. स्वतःच्या गावात चोरासारखं चालावं लागतं याची चीडही यायची.

ती चोरी पकडली गेली. आमच्या घरासमोर कचरूची पानटपरी आहे. तो माझ्या नवऱ्याला, प्रसेनजितला म्हणाला, "वहिनीचा धंदा जोरात हाये बे. रोज माल पोचवून राह्यल्या." लगनसराई कधीच संपलेली, माझी मशीन दुपारभर झाकलेली. प्रसेनजित घरात आला, खुंटीवरची पिशवी काढली आणि आईसमोर उलटी केली. चिंध्यांचा ढीग पडला.

"हे काय वं?" सासूबाईंनी विचारलं. "कुठी जाते तू रोज?"

"चालाले."

"चालाले? काऊन?"

"माह्या मायसारखा माहा पाय कापाले नको म्हनून."

"मंग स्लॅबवर फीर ना," प्रसेनजित म्हणाला. "बिनाकामाची बाई रस्त्यानं फिरली का लोक शंभर गोष्टी लावतेत."

सासूबाईंचा आवाज चढला. "माही सासू पानी आनाले गावाच्या मागून जाये. आपल्या जातीची म्हनून या रस्त्यानं तिले चालू देत नोहते. आज इथं आपल्याले मान हाये. आन तू त्याच रस्त्यावर तमाशा करतं?"

मलाही राग आला.

"आत्याबाई, तुमच्या सासूले लोकायनं चालू देलं नाई. मले तुमी चालू देऊन नाई राह्यल्या. मंग फरक काय झाला?"

त्या पदर सावरत उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

प्रसेनजितने विषय बदलला. पँट माझ्या मशीनवर टाकत म्हणाला, "ते जाऊ दे. परवा मेहकरले साक्षगंध हाये. हिची कंबर मोकळी करून दे."

मला हसावं की रडावं कळेना. साखरपुड्याला घालायचा माझा नवा ब्लाउज तिथेच पडला होता. मी तो उलटा केला आणि दोन्ही बाजूंची माया शिलाईला लागून कापून टाकली.

"पागल झाली काय? उद्या वाढली तं?"

"नाई वाढनार. तुमची पँट हे घ्या, अन् कात्री बी घ्या. मोकळी मी करनार नाई. सोबत यायचं असंन तं चपला घाला."

तो पँट हातात धरून उभाच राहिला. मी पिशवी जमिनीवरच पडू दिली, चिंध्या ओलांडल्या आणि बाहेर पडले. ओट्यावर सासूबाई होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

टपरीसमोर चारपाच जण होते. कचरूने चुना लावता लावता मान वर केली. "वहिनी, आज पिशवी नाई? कुठी निंगाल्या?"

हातांचं काय करावं ते कळेना.

"कुठीच नाई," मी म्हणाले. "चालून राह्यली."

सगळे हसले. कचरूने माझ्या डोक्यावरून ओट्याकडे हाक टाकली, "जनकाबाई, सून बिनाकामाची कुठी चालली वं तुही?"

मी थांबले. आता त्या मला परत बोलावणार आणि मला सगळ्यांदेखत त्यांचा शब्द मोडावा लागणार.

मागून आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"तुह्या बापाचा रस्ता हाये काय बे, कचऱ्या? चालू दे तिले!"

हसणं थांबलं. मी वळून पाहिलं नाही, डोळे भरले होते. फाट्यापर्यंत हात हलवत गेले.