चौऱ्याण्णव जण अडकलेले

कपडे वाळवायचं यंत्र टर्र करून थांबलं, तसा सिग्नेने श्वास रोखला. तिची चार वर्षांची लेक मारेन नुसती कूस बदलून पुन्हा झोपली. बाहेर बर्फाला जोर चढत होता. तेवढ्यात ऑफिसातून ड्वाइटचा, तिच्या साहेबांचा, फोन आला.

"रजेवर आहेस, ठाऊक आहे मला. पण शाळेच्या बसचा सर्व्हर मान टाकतोय. लोड चौऱ्याण्णववर गेलाय. मी सरळ वीजच काढतो त्याची."

"थांबा. कशालाही हात लावू नका."

वादळामुळे शाळा अडीचला सुटणार होत्या. कुठल्या बसने कुठला रस्ता टाळायचा, ते बदल सर्व्हरमध्ये आत्ताच भरले होते आणि अजून पक्के साठवले गेले नव्हते. वीज काढली की ते पुसले जाणार, आणि बस नेहमीच्या नदीकाठच्या निसरड्या रस्त्याला लागणार. चौदा नंबरच्या बसमध्ये तिचा मुलगा अँडर्स असायचा.

वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावरच तिने लॅपटॉप उघडला. आठ प्रोसेसर, आणि आठही माशा मारत बसलेले. तरी लोड, म्हणजे रांगेतल्या कामांचा आकडा, चौऱ्याण्णव.

"ड्वाइट, मशीनला काम झेपत नाहीये असं नाही. डिस्कसाठी खोळंबलेली कामंही लोडमध्ये मोजली जातात. ही सगळी कशाची तरी वाट बघत अडकलीत."

"म्हणजे चर्चमधल्या जेवणाची रांग लागलीय म्हण की."

"तसंच. आणि वाढणारा गायब आहे."

तिने एकेक अडकलेलं काम तपासलं. प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव: नोंदींची दुसरी प्रत ठेवायचा तो जुना कॉम्प्युटरचा डबा, जो ड्वाइटच्याच टेबलाखाली होता.

"तुमच्या पायाजवळचा डबा चालू आहे ना?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ड्वाइट?"

"पाय गारठले होते गं. हीटर लावायला प्लग मिळेना, म्हणून..."

"हीटर काढा. डबा लावा."

"आणि माझे पाय?"

"मोजे घाला."

डब्याला जागं व्हायला सहा मिनिटं लागली. मग लोडच्या तीन आकड्यांपैकी पहिला, गेल्या मिनिटाच्या सरासरीचा, हलला. एकाहत्तर. चाळीस. बारा. तिसरा, पंधरा मिनिटांचा, मात्र वरच रेंगाळला; तो सावकाश विसरतो, हे तिला माहीत होतं.

"बदललेल्या रस्त्यांच्या याद्या पोचल्या ड्रायव्हरांना," ड्वाइट म्हणाला. "हीटरचं कुठे बोलू नकोस हं."

"नाही. लोकरीचे मोजे पाठवते."

मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तीन वाजले. सव्वातीन. मारेन पांघरूण ओढत आली आणि तिच्या पायाला टेकली. पावणेचारला वळणावर बसचे दोन पिवळे दिवे दिसले, नदीकाठ टाळून वरच्या रस्त्याने आलेले. सिग्ने तिथेच जमिनीवर बसली.

"आई, दमलीस?"

"हो गं, सोन्या."

मारेनने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"पण तू तर नुसती उभी होतीस. मग दमलीस कशाने?"