उतारावर पुढे कोण

लॉर्न हॅस्केट कॅन्टीनमध्ये पाव खाता खाता उठला आणि हातमोजे पिळून येतो म्हणून बाहेर गेला. हातमोजे निमित्त होते. त्याला केल्विनच्या सायकलीचे ब्रेक बघायचे होते.

अकरा वर्षं ओल्या रविवारी सीमोर डोंगराच्या उतारावर पहिलं चाक लॉर्नचं असायचं. सायकल क्लबाची रीतच तशी. वर डोंगरावरच्या कॅन्टीनमध्ये कॉफी झाली की कॅप्टन ओडेट एक नाव घेते. तो पुढे निघतो, बाकीचे मागे. तो जिथे ब्रेक धरेल तिथे सगळ्यांनी धरायचा, तो जसा वळेल तसं वळायचं. क्लबात सगळ्यांचे ब्रेक जुने, चाकाच्या कडेवर, रिमवर दाबणारे. नव्या डिस्क ब्रेकवाल्यांना हे लोक मोटारसायकलवाले म्हणतात. पण रिम ओली असली की ब्रेक दाबूनही चाकाची पहिली दोन-तीन चक्रं काहीच होत नाही. म्हणून पुढच्या माणसाला मान.

ऑक्टोबरात केल्विन ओस्टलर आला. बोटी रंगवणारा, बोलका, सगळ्यांना पाठीवर थाप मारणारा. महिन्याभरात त्याने क्लबाला शिकवलं: ब्रेकच्या रबराचे काळे पॅड काढा, पावसाचे मऊ गुलाबी लावा. पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण सुईने उपसा. रिम स्पिरिटने पुसा. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवा, पाणी पुसलं जाऊ दे, मग दाबा. लोक वहीत लिहून घ्यायचे बाकी होते.

लॉर्नला यातलं प्रत्येक अक्षर आधीपासून ठाऊक होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

गेल्या रविवारी ओडेटने केल्विनचं नाव घेतलं.

*

शून्य मिनिटं.

वळचणीखाली सात सायकली. लॉर्न केल्विनच्या सायकलीपुढे उकिडवा बसला. नवेकोरे पॅड, आज सकाळीच घातलेले. काहीतरी युक्ती असणार म्हणून त्याने डोळे बारीक केले.

युक्ती नव्हती. पुढच्या ब्रेकमध्ये पॅड धरणाऱ्या दोन्ही खोबणी उलट्या होत्या. पॅड ज्या बाजूने आत सरकवतात ती उघडी बाजू मागे हवी, बंद बाजू पुढे. घाईत डावी उजवीकडे, उजवी डावीकडे झाली होती. आणि पॅड धरून ठेवणारे बारके स्क्रू लावलेलेच नव्हते. चढावर ब्रेक कोण दाबतो? खाली मात्र पहिल्या जोरात दाबल्यावर चाक पॅडला ओढून पुढून बाहेर फेकेल.

केल्विनने. ही चूक केल्विनने केली.

लॉर्नला इतकं बरं वाटलं की तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला.

*

चार मिनिटं.

आत येऊन बसला. केल्विन शेजारी बसलेल्या बाईला रिम कशी पुसायची ते बशीच्या कडेवर करून दाखवत होता. ती हसत होती.

सांगायचं.

सांगितलं तर तो म्हणेल, अरे वा, लॉर्न, तू होतास म्हणून. आणि सगळे त्याच्या मोकळेपणाचं कौतुक करतील.

*

नऊ.

कुणीतरी नानायमो बारची, चॉकलेटच्या थरांच्या वड्यांची, बशी आणली. लॉर्नने दोन खाल्ले. केल्विनने आपल्या वाट्याचा एक त्याच्यापुढे सरकवला. लॉर्नने तोही खाल्ला.

*

तेरा.

पडला तर कुठे पडेल? दुसरं वळण. तिथे डावीकडे झाडी आहे, मऊ आहे. तसं काही होणार नाही. खरचटेल.

*

सोळा.

पाऊस वाढला.

*

एकोणीस.

सगळे बाहेर आले, टोप्या घातल्या. ओडेट सदुसष्ट वर्षांची, आयुष्यभर नर्स होती, आवाज कधी चढवत नाही. तिने एकेकाचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली, केल्विन पुढे. त्याच्या चाकामागे मी. मग बाकीचे.

त्याच्या चाकामागे मी.

लॉर्नने हे धरलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात उतारावर केल्विन एकटाच होता.

"केल्विन, थांब," तो म्हणाला. "तुझे पुढचे पॅड उलटे आहेत. स्क्रूही नाहीत."

केल्विन वाकला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "बाप रे. सकाळी मुलगी रडत होती, एका हाताने केलं बघ. लॉर्न, तू वाचवलंस मला."

लॉर्नने स्क्रू पिळायची किल्ली काढली, खोबणींची अदलाबदल केली, आपल्या डबीतले दोन स्क्रू लावले, चाक फिरवून दोन्ही पॅड रिमला नीट टेकतात ना ते पाहिलं. केल्विन म्हणाला, आज लॉर्ननेच पुढे जावं, हक्क त्याचाच आहे. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. लॉर्न किल्ली पुसत राहिला.

ओडेट त्याच्याकडे बघत होती.

"हे तुला कधी दिसलं?"

"आत्ताच."

"आत्ता तू माझ्या शेजारी उभा होतास, आणि तुझी सायकल मध्ये होती. तुला त्याचं पुढचं चाक दिसतच नव्हतं." ती जवळ आली, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हातमोजे पिळायला गेलास तेव्हाच ना?"

त्याने किल्ली खिशात टाकली.

"पुढे केल्विनच जाईल," तिने सगळ्यांना सांगितलं. "लॉर्न, तू शेवटी."

शेवटचा माणूस उतारावर कुणालाच दिसत नाही. लॉर्नने पहिल्या वळणावरून खाली पाहिलं. सहा लाल दिवे एका दोरीत ओवल्यासारखे जात होते. अगदी पुढे केल्विन, वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक टेकवणारा, मग दाबणारा. ब्रेक सुरेख लागत होता. दुसऱ्या वळणावर तो जरासुद्धा घसरला नाही.

इतका नीट कशाला बसवला, असं लॉर्नच्या मनात आलं. मग आपल्या मनात हे आलं म्हणून त्याने ब्रेक दाबला, गरज नसताना, आणि पुढचे दिवे आणखी लांब गेले.