झोळीचा हूक

"ताई, वर काही टांगायचं असेल तर आत्ताच बोला. हे प्लास्टिकचं सीलिंग. दिसायला छत, अंगात पापडाचं बळ," सुखदेव मिस्त्री म्हणाला होता. सात महिन्यांची गरोदर रुपाली हसली होती. "आम्ही काय टांगणार? आकाशकंदिलापुरता हूक लावा, झालं."

वारज्यातला नवा फ्लॅट, तेजसची आयटीतली नोकरी. छताला एकही सळई लोंबताना दिसायला नको होती तिला.

लेक दीड महिन्याची झाली तेव्हा सासूबाई, यमुनाबाई, नांदेडहून आल्या. त्यांच्याकडे लेकरू आजीच्या लुगड्याच्या झोळीतच निजायचं. रुपाली आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी कंदिलाच्या हुकाला झोळी बांधली. ती बाहेर येऊन बघते तर झोळी झुलतेय आणि सीलिंगची पांढरी पट्टी वाकून खाली आलीय. तिनं लेकीला उचलून छातीशी धरलं, आणि हूक निसटून रिकामी झोळी फरशीवर पडली.

कुणी कुणाला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून यमुनाबाईंनी नातीला हात लावला नाही. दुपटी वाळत घालायच्या, डिंकाचे लाडू वळायच्या. नात रडली की गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. "माझ्या हाताचा काय भरवसा," एवढंच.

रुपालीनं सुखदेवला बोलावलं. वर बघत तो म्हणाला, "कंदील जरा जड होता वाटतं."

त्यानं पट्टी काढली, वरच्या स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकला, त्यातून जाड सळई खाली सोडली. पट्टी परत बसवताना तिच्यातलं भोक सळईपेक्षा मोठं ठेवलं, म्हणजे भार सगळा स्लॅबवर, प्लास्टिकवर काही नाही. रुपालीनं चाळीस किलो गव्हाचं पोतं टांगायला लावलं. "आणि झुलवा. झुलताना भार वाढतो." ती बीएस्सी होती, आता कुठे शिक्षण कामी येत होतं.

पोतं दुपारपर्यंत झुललं. यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. सळई प्लास्टिकला कुठे टेकत नाही ना, हे भोवतीच्या फटीतून कागद फिरवून बघून रुपाली स्टुलावरून उतरली.

"आई, मिस्त्रींनी मला आधीच बजावलं होतं. मी ऐकलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही. चूक माझी आहे."

यमुनाबाई पोत्याजवळ आल्या. "उतरव ते," त्या म्हणाल्या. "गव्हाला कशाला निजवायलीस?"

मग त्यांनी स्वतः झोळी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि नातीकडे हात पुढे केले.

रुपाली आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही तेच सांगणं: ओळखीत कुणाकडे बाळ आलं असेल तर जाऊन या. झोळी कुठल्या हुकाला बांधलीय ते बघा. आणि आजी गप्प गप्प असेल, तर तिच्याजवळ जरा बसा.