मार्चअखेरची बाटली

आमच्या लेकीचं, अनन्याचं स्नायूंच्या आजारावरचं औषध परदेशातून येतं. त्यावरचं आयात शुल्क सरकारने माफ केलंय, पण तात्पुरतं. मार्चअखेर मुदत संपते, मग आदेश निघतो, मुदत वाढते. यंदा महिना सरत आला तरी आदेश नाही. माझ्या नवऱ्याने, सत्यजितने पीएफमधून पैसे काढून दोन बाटल्या आणवल्या, एक एप्रिलची, एक मेची. लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरल्या आणि थेट आमच्या फ्रीजमध्ये आल्या.

दुपारी आलमबागहून चंदाचा फोन आला. तिच्या मुलाला, अभयलाही हाच आजार.

"ताई, डीलर म्हणतो माल संपला. सगळ्यांनी दोन-दोन उचलल्या म्हणे. तुमच्यापाशी एखादी जास्तीची आहे का? अभयची उद्या संपते."

"ह्यांना विचारून सांगते," म्हटलं. खोटंच. विचारायचं होतं ते मला स्वतःलाच.

सत्यजित म्हणाला, "तात्पुरती का होईना, माफी होती म्हणून पोरगी आज बसते तरी. कायमच्या माफीची वाट बघत राहिलो असतो तर?"

"तात्पुरती आहे म्हणूनच आपण साठेबाज झालो ना. कायमची असती तर डीलरनेच माल भरून ठेवला असता."

"कायमची असती तर कंपनीने भाव चढवले असते. मुदतीचा त्यांना धाक असतो यार."

"अच्छा. हे चंदाला सांगू?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मुदत वाढली नाही, तर मेची बाटली पुन्हा नाही घेता येणार आपल्याला. एवढं कळतंय ना तुला?"

कळत होतं. अनन्या भिंतीला टेकून बसली होती. तिचे केस विंचरले, उगाच दोनदा. "मम्मा, कहाँ जा रही हो?" तिने विचारलं. अभयकडे, म्हटलं. "मैं भी," म्हणाली. तिला सत्यजितच्या मांडीवर दिलं आणि बर्फाच्या डब्यात मेची बाटली ठेवून सरोजिनी नगरहून ऑटो धरली.

चंदा दारातच उभी होती. डबा तिने दोन्ही हातांनी घेतला आणि छातीशी धरला. आभार मानले नाहीत.

"ताई, मेमध्ये काय करणार तुम्ही?"

"तुझ्याकडे येईन मागायला."

ती हसली नाही. तिच्याकडे तेव्हा काहीच नसणार, हे दोघींना ठाऊक होतं. तरी म्हणाली, "या."